म्हशीची चौकशी

आमच्या कंपनीत तातेराव नावाचा एक कारकून होता. गिऱ्हाइकांना पत्रं लिहिणं एवढंच त्याचं काम. कंपनी बियाण्यांची, जालन्याच्या मोंढ्याजवळ, आणि साल चौऱ्याहत्तर. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, तरी ऐट जिल्ह्याचीच होती. मी त्याच कंपनीत टायपिस्ट होतो. माझं नाव सर्जेराव. नावात सर्जा असला तरी पुढं मी काय शौर्य गाजवलं ते वाचणाऱ्याला कळेलच, म्हणून आत्ताच फुशारकी मारत नाही.

तातेराव मूळचा परतूर तालुक्यातल्या आष्टीचा. बापानं छप्पन साली धम्म घेतला आणि गावची कामं सोडून पोराला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. पोरगं शिकलं, अक्षर मोत्यासारखं झालं, आणि काकासाहेबांच्या नजरेत भरलं. काकासाहेब म्हणजे आमचे मालक. स्वतः सहीपुरते शिकलेले, त्यामुळं दुसऱ्याच्या अक्षराची त्यांना किंमत होती.

तातेरावाची पत्रं कशी असत, त्याचा एक नमुना सांगतो. शहागडचे रखमाजी हे आमचं जुनं गिऱ्हाईक. गावातल्या तीस-चाळीस शेतकऱ्यांचं बियाणं त्यांच्या एकट्याच्या नावावर जायचं. त्यांना तातेराव लिहायचा: 'श्री. रा. रा. रखमाजी यांस जालन्याहून तातेरावचा नमस्कार. आपण सगळी मंडळी खुशाल असाल. म्हशीच्या मागच्या पायाला तार लागली होती, ती जखम भरून आली का? हळद दाबून भरावी, चिखलात बसू देऊ नये. आपली लेक द्वारकाबाई इकडं मजेत आहे, परवाच जावयाचा डबा घेऊन गोदामावर आली होती.' आणि मग कार्डाच्या तळाला, मुंगीच्या अक्षरात: 'बाकी, द्वारका जातीच्या कपाशीचं बियाणं अमुक दिवशी ट्रकनं निघेल, उतरवून घ्यावं.' आमचा सगळा धंदा त्या 'बाकी'च्या पुढं असायचा.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. काकासाहेबांनी आपल्या कपाशीच्या वाणाला आईचं नाव दिलं होतं, द्वारका. रखमाजींच्या लेकीचंही नाव तेच, आणि तिचा नवरा कडूबा आमच्याच गोदामात हमाल. म्हणून तातेराव चुकूनही नुसतं 'द्वारका' लिहायचा नाही. 'द्वारका जातीचं बियाणं' असं पूर्ण लिहायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना काकासाहेबांना कंपनी सुधारावीशी वाटली. सुधारणा म्हणजे मॅनेजर आणणं. मॅनेजर साहेब मोठ्या शहरातून आले. त्यांचं नाव लिहीत नाही, माणूस अजून हयात आहे आणि त्याला छोटी, कडक पत्रं पाठवायची सवय आहे. त्यांनी मुंबईत प्रभावी व्यापारी पत्रव्यवहाराचं तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण साहेबांवरचा रंग पक्का बसला होता. शिबिराचं प्रमाणपत्र चौकटीत घालून त्यांनी कॅलेंडरच्या जागी लावलं, म्हणजे त्या दिवसापासून ऑफिसात तारीख कळेनाशी झाली, पण साहेबांची लायकी कळायला लागली. कपाशीचं झाड त्यांनी रेल्वेतून पाहिलं होतं. गिऱ्हाईक तेवढंही पाहिलं नव्हतं. त्यामुळं गिऱ्हाइकाविषयी त्यांचे विचार अतिशय स्पष्ट होते.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तातेरावाला बोलावून त्याचं एक कार्ड टेबलावर ठेवलं आणि लाल पेन्सिलनं ओळी मोजल्या.

"सतरा ओळी. यात कामाच्या किती?"

"दोन, साहेब."

"मग पंधरा ओळी आपण गुरांच्या दवाखान्याला का लिहितो आहोत?"

मी हसलो. साहेबांच्या विनोदाला हसायचं हा नियम मी कुठल्याही शिबिराशिवाय शिकलो होतो.

तातेराव म्हणाला, "साहेब, त्या दोन ओळी तो ह्या पंधरांमुळं वाचतो. रखमाजीला अक्षर येत न्हाई. शाळेचे मास्तर पारावर बसून वाचून दाखवतात, सारं गाव ऐकतं. म्हशीचं इचारलं की मानूस खूश होतो. मंग बियाणं बी बराबर उतरवून घेतो."

साहेबांनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. मग मला बोलावून परिपत्रक सांगितलं आणि मी ते टाइप केलं. पत्र चार ओळींच्या वर जाता कामा नये. वर 'श्री' लिहायचं नाही, व्यापारात देवाचं काम नाही. खुशाली विचारायची नाही. गिऱ्हाइकाला जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा सांगून शाई नासायची नाही. आणि जे कार्ड आजच्या आज टपालात पडलं पाहिजे त्याचा खालचा डावा कोपरा कात्रीनं कापायचा, म्हणजे शिपायाला लांबून ओळखता येईल. माझ्याकडचा कार्बन संपला होता. तातेरावानंच आपल्या खणातून एक काढून दिला. अशा रीतीनं त्याच्या गळ्याचा फास त्याच्याच सुतानं वळला गेला, आणि वळणारा मी.

परिपत्रक वाचून तातेराव परत साहेबांपुढं उभा राहिला.

"साहेब, बाकी सगळं करतो. पण 'श्री' काढू नका अन् कोपरा कापू नका. आपल्याकडं मयताच्या पत्रावर 'श्री' घालत न्हाईत, अन् त्याचाच कोपरा फाडतात."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "तातेराव, तुम्ही तर बौद्ध ना? तुम्हाला 'श्री'चा एवढा पुळका कशापायी? आणि असल्या अंधश्रद्धा तुम्हीच पाळायला लागलात तर मग झालंच."

हे बोलणं मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. आता आठवलं की लाज वाटते, पण लाज नेहमी उशिराच येते आणि तिचा कुणाला काही उपयोग नसतो.

तातेराव शांतपणे म्हणाला, "माझ्या घरच्या पत्रावर मी जयभीम लिहितो, साहेब. गिऱ्हाइकाच्या पत्रावर गिऱ्हाइकाचं लिहितो. पत्र त्याच्या दारात जाऊन राह्यलंय, माझ्या न्हाई."

ज्या गोष्टीसाठी साहेबांनी तीन दिवस मुंबईत काढले, ती गोष्ट हा माणूस एका वाक्यात सांगत होता. साहेबांना ते सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी बजावलं, की महिनाअखेरपर्यंत एकही पत्र नियमाबाहेर गेलं तर पहिल्या तारखेला येण्याची तसदी घेऊ नये. तातेरावाची बायको बेबीनंदा हिचे तेव्हा दिवस भरत आले होते. तातेरावानं जागेवर जाऊन कात्री घेतली.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. रखमाजींचं कार्ड साहेबांनी स्वतः तोंडी सांगितलं, नमुना म्हणून. 'द्वारका' इतकंच सांगून ते पुढं सरकले तेव्हा तातेरावानं पेन उचललं.

"साहेब, 'बियाणं' एवढा शब्द तरी घालू?"

"त्यानंच मागवलंय ना? मग काय मागवलं ते त्याला माहीत आहे. नियम चौथा."

कार्ड असं झालं: 'रखमाजी, शहागड. द्वारका मंगळवारी सकाळी ट्रकने स्टँडवर पोहोचेल. चार माणसे आणून उतरवून घ्यावी. उशीर झाल्यास खराब होण्याची जबाबदारी आमच्यावर नाही.' खाली कंपनीचा शिक्का. साहेबांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. चार ओळींची मुभा असताना मजकूर तीनच वाक्यांत बसला, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. तातेरावानं कार्ड दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. मग कोपरा कापला.

पुढचं मला कडूबानं सांगितलं, कारण मंगळवारी ट्रकवर तोच होता.

कार्ड शनिवारी शहागडला पोहोचलं. मास्तरांनी नेहमीप्रमाणं पारावर बसून ते हातात घेतलं, कोपरा पाहिला, वर 'श्री' नाही हे पाहिलं, आणि आधी डोक्यावरची टोपी काढली. मग वाचलं. पुन्हा वाचायची वेळच आली नाही. शिक्का जावई काम करतो त्या कंपनीचा, नाव लेकीचं, आणि चार माणसं आणा म्हणून स्पष्ट निरोप. रखमाजींच्या बायकोनं, सगुणाबाईनं, जो हंबरडा फोडला तो म्हणे गोदावरीच्या पलीकडं ऐकू गेला. आधीच गेलेली बाई मंगळवारी का पाठवताहेत, असा प्रश्न एकानं काढला होता. पण जालन्याला मोठा दवाखाना आहे, तिथं कागदपत्रांना दिवस लागतात, असं दुसऱ्या जाणकारानं सांगितलं आणि शंका मिटली. जाणकार प्रत्येक गावात असतोच. रखमाजींना धक्क्यानं उठवेना, नाहीतर ते तेव्हाच निघाले असते.

मंगळवारी सकाळी स्टँडवर चार माणसं सांगितली होती, तिथं दोनशे जमली. बांबू आले, कडबा आला, मडकं आलं. लेक सवाष्ण गेली म्हणून रखमाजींनी माहेरचं हिरवं लुगडं आणलं होतं, ते छातीशी धरून ते उभे. आणि अंबडकडून आमचा ट्रक आला. वर पोत्यांवर कडूबा बसलेला.

जावयाला पाहताच बायांनी गळा काढला. कडूबाला वाटलं, गावात कुणीतरी गेलं. सासुरवाडीचं मरण, रडलं नाही तर बरं दिसणार नाही, म्हणून त्यानं ट्रकवरूनच मोठ्यानं सूर लावला. त्याला रडताना पाहून उरलेसुरले पुरुषही रडायला लागले. खाली उतरून सासऱ्याच्या गळ्यात पडून घटकाभर रडून झाल्यावर कडूबानं विचारलं, "मामा, कोण गेलं हो?"

रखमाजी म्हणाले, "आरं, तूच तर घिऊन आलास तिला! द्वारका कुठंय?"

"द्वारका? ती घरी हाय. सकाळी तिनंच भाकर बांधून दिली की."

त्यानं कमरेचं फडकं सोडून भाकरी दाखवली. त्या भाकरीकडं दोनशे माणसं बघत राहिली. मग कडूबानं पोत्याकडं बोट केलं. पोत्यावर ठळक छापलं होतं, 'द्वारका'. मास्तरांनी ते वाचलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

कडूबा हे सांगताना हसायचा. मीही पोट धरून हसलो. मग तो म्हणाला, "हसायचं खरं, पर मामा ट्रकच्या चाकापाशी बसले ते उठनातच. हातातलं लुगडं सुटंना त्यांच्या." तेव्हा माझं हसू थांबलं.

रखमाजी त्याच ट्रकनं जालन्याला आले. आधी लेकीचं तोंड पाहिलं, रात्रभर तिच्या दारात बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले. एका हातात लुगड्याची घडी, दुसऱ्या हातात एक तार. आपल्याकडं घरोघरी आलेली पत्रं तारेला ओवून आढ्याला टांगतात, ती तार.

काकासाहेब तिथंच होते. रखमाजींनी ते कार्ड त्यांच्यापुढं टाकलं. काकासाहेबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, आणि आईचं नाव ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे कोनी लिहिलं?"

मॅनेजर साहेब तत्परतेनं म्हणाले, "अक्षर ओळखीचं आहे. तातेराव, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग आणखी काय विचारायचं?"

तातेराव म्हणाला, "साहेब, मजकूर तुम्ही सांगितला. तसं परिपत्रक हाय."

"परिपत्रक? कसलं?" साहेब म्हणाले. अस्सल प्रत त्यांच्याच खणात होती आणि खणाची किल्ली त्यांच्याच खिशात.

काकासाहेब माझ्याकडं वळले. "सर्जेराव, तू टाइप केलं असशील की. हाय का प्रत?"

कार्बनची प्रत माझ्या टेबलाच्या डाव्या कप्प्यात, सगळ्यात वर होती. हात लांबवला असता तर मिळाली असती. मॅनेजर साहेब माझ्याकडं बघत होते. तातेरावही बघत होता.

मी म्हणालो, "बघावं लागेल."

सरकारी असो की खाजगी, कारकुनाच्या आयुष्यात यापेक्षा उपयोगी वाक्य नाही. त्यात खोटं काही नसतं आणि खरं तर नसतंच. मी मूग गिळून बसलो, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी झाली. काकासाहेब तातेरावाला म्हणाले, "मंग जा बाबा तू. अशी पत्रं लिहिणारा मला नको."

"थांबा," रखमाजी म्हणाले.

त्यांनी ती तार टेबलावर ठेवली. सात वर्षांची कार्डं होती, पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या.

"काकासाहेब, हात त्याचा हाय, पर पत्र त्याचं न्हाई. मला अक्षर येत न्हाई, पर तातेरावचं पत्र मला वळखू येतं. तो आधी माझ्या म्हशीचं इचारतो. तिचं नाव बी त्याला ठावं हाय. सात सालात एक डाव चुकला न्हाई. म्हनून तर मी खरं मानलं. मास्तर म्हनले कोपरा कापलाय, तरी मी म्हनलो, असंल काही. पर म्हशीचं इचारलं न्हाई म्हनल्यावर मी खालीच बसलो. तातेराव म्हशीला इसरला, म्हंजी माझी लेक गेलीच."

तातेराव पुढं होऊन त्यांच्या पाया पडायला वाकला. "मामा, तुमच्या दारात रडणं घातलं ते ह्याच हातानं." रखमाजींनी त्याला वर उठवलं. मग लुगड्याची घडी मॅनेजर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे लेकीच्या मयताला आणल्तं. आता जित्या लेकीला देता येत न्हाई अन् घरात ठेवता येत न्हाई. तुम्हीच ठेवा."

साहेबांनी ते नंतर स्टेशनरीच्या कपाटात ठेवायला सांगितलं. बरीच वर्षं ते तिथं कोऱ्या कार्डांच्या शेजारी पडून होतं.

त्या दिवशी तातेरावाची नोकरी वाचली. काकासाहेबांनी हुकूम केला, की पत्रं त्यानं जुन्या पद्धतीनंच लिहावीत. इथं गोष्ट संपली असती तर ती मी तुम्हाला सांगितलीच नसती, कारण मग माझी बाजू झाकली गेली असती.

मॅनेजर साहेब हार मानणारे नव्हते. चूक मान्य न करता तिच्यातून शिकायचं कसं, हे बहुधा शिबिराच्या तिसऱ्या दिवशी शिकवतात. त्यांनी दोन आठवड्यांत एक टिपण तयार केलं. त्यात पहिला मुद्दा हा, की शहागडला चार माणसं बोलावली असता दोनशे आली आणि माल दहा मिनिटांत उतरला, म्हणजे नव्या पद्धतीचं पत्र पन्नासपट प्रभावी आहे. दुसरा मुद्दा, गिऱ्हाइकाला म्हशीची चौकशी आवडते असं दिसून आलं आहे. त्यांनी हजार कार्डं छापून घेतली. वर ठळक 'श्री'. खाली छापील मजकूर: 'आपण सर्व मंडळी खुशाल असाल. आपली म्हैस कशी आहे? बाकी,' आणि पुढं मोकळी जागा. त्या जागेत कुणीही दोन ओळी टाइप कराव्यात. काकासाहेबांना योजना पसंत पडली. तातेरावाचं सगळं काम आता छापखाना करत होता, आणि छापखाना पगारवाढ मागत नाही.

मग तातेराव कशाला हवा?

जुलैच्या पहिल्या तारखेला त्याला जे पत्र दिलं ते मीच टाइप केलं. चार ओळींचं होतं. खुशाली नव्हती. साहेबांनी कोपरा कापायला सांगितला नव्हता, आणि मी तो आपणहून कापला नाही. त्या सगळ्या प्रकरणातलं माझं धाडस ते एवढंच. तातेरावानं पत्र वाचलं, घडी घातली, खण रिकामा केला आणि उरलेले कार्बन माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्याची खिडकीजवळची जागा मला मिळाली, माझं टेबल तिथं सरकवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी.

छापील कार्डांची उत्तरं येऊ लागली. अंबडच्या एका शिंप्यानं कळवलं की आपल्याकडं म्हैस नाही, शिवणाचं यंत्र आहे आणि ते बरं आहे. घनसावंगीच्या एका बाईनं लिहिलं की म्हैस मेली त्याला चार महिने झाले, कशाला आठवण काढता. रखमाजींचं उत्तर मास्तरांच्या अक्षरात आलं: 'म्हैस परवाच्या नागपंचमीला विकली. तातेरावला कळवलं आहे. त्याला विचारा.' त्यानंतर शहागडची मागणी आली नाही. मॅनेजर साहेबांना पुढं दुसऱ्या कंपनीनं जास्त पगारावर नेलं.

तीन-साडेतीन वर्षांनी, अठ्ठ्याहत्तरच्या सुरुवातीला, मला एक कार्ड आलं. अक्षर पाहताच मी ते खिशात घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत एकट्यानं वाचलं.

'सर्जेराव भाऊंस आष्टीहून तातेरावचा सप्रेम जयभीम. आपण खुशाल असाल. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? थंडीत त्या जिना चढतात का? त्यांना एरंडेलानं शेकायला सांगा. आईंचं मोतीबिंदूचं झालं का? आम्ही बरे आहोत. मुलगी साडेतीन वर्षांची झाली, नाव शिवकन्या. मी बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून लोकांची पत्रं लिहून देतो, रखमाजी मामा मुद्दाम शहागडहून येतात. बाकी, तुमच्या डाव्या कप्प्यातल्या त्या प्रतीला उंदीर लागले नसतील. अजून बघायची राहिली असेल तर सवडीनं बघावी.'

जागेवर येऊन मी कप्पा उघडला. प्रत होती, जशीच्या तशी, फक्त तळाला गेली होती. मग मी कोरं कार्ड काढून उत्तर लिहायला बसलो. तातेरावाच्या बायकोची तब्येत, पोरीचं शाळेत जाणं, आष्टीचं पाणी, काय काय विचारायचं म्हणून बराच वेळ पेन धरून होतो. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

उत्तर गेलं. चार ओळींचं.